दिसत नाही त्याचा रंग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुरब्याच्या खाडीवर उभे राहिले की पलीकडे सातपाटी दिसते. भरतीला होड्या आत येतात, ओहोटीला चिखल उघडा पडतो. उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने नांदगाव, नवापूर, दांडी अशी गावे मागे टाकत गेलात की तारापूरची अणुभट्टी येते. आमच्या लहानपणी समुद्रावरून परतणारे तांडेल तिच्या चिमणीची खूण धरून गावाची दिशा ठरवीत. दीपस्तंभाचे काम चिमणी करी. त्या चिमणीच्या आत काय चालते हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते आणि विचारावे असेही कोणाला वाटत नव्हते.

माझे अब्बा खाडीपलीकडे एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. मासळी टिकवायची तर बर्फ हवा आणि बर्फ करायचा तर अमोनिया हवा. हा अमोनिया लोखंडी नळ्यांतून फिरतो. तो फार गळला तर सांगावे लागत नाही. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, माणसे आपोआप बाहेर पळतात. पण थोडा थोडा, सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून गळत असेल तर वासावरून जागा सापडत नाही, कारण वास सगळ्या खोलीत भरलेला असतो. अशा वेळी अब्बा गंधकाची वात पेटवीत आणि ती नळीच्या कडेकडेने सावकाश फिरवीत. जिथे गळती असे तिथे एकदम पांढरा दाट धूर उठे. मी एकदा डबा द्यायला गेलो असताना हा प्रकार पाहिला. जे दिसत नव्हते ते अब्बांनी दिसते केले, एवढेच त्या वयात कळले. आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे. न दिसणाऱ्या वायूला रंग देण्याचा माणसाने दोनशे वर्षे जो खटाटोप केला, त्याची ही गोष्ट.

दुसरी आठवण उरुसाची. शेजारच्या एका गावात दरसाल उरूस भरे. फुगेवाला एक लोखंडी पिंप घेऊन येई. त्यात पाणी, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून झाकण आवळले की आत वायू तयार होई. तो फुग्यात भरला की फुगा दोरी ताणून आभाळाकडे धाव घेई. माझ्या थोरल्या चुलतभावाने त्या वर्षी पाच फुगे एकदम घेतले. मी त्याला भाई म्हणतो. पाचही फुगे एका हातात धरून भाई मोठ्या ऐटीत चालला होता. गर्दीत कोणाच्या तरी हातातली बिडी त्यांना लागली. आवाज फारसा झाला नाही. भप्‌ असे काहीतरी झाले आणि उजेड पडला. भाईच्या भुवया गेल्या, डाव्या कानापाशी कातडी आक्रसली. ती खूण अजून आहे.

त्या रात्री मी अब्बांना विचारले, "फुग्यातला वायू गळतोय की नाही हे वातीने नाही का बघता येत?" अब्बा म्हणाले, "बेटा, त्या वायूजवळ वात नेणारा परत येऊन सांगायला राहत नाही."

तो वायू म्हणजे हायड्रोजन.

विश्वात सर्वांत जास्त आहे तो हायड्रोजन. सूर्य त्याच्यावर तगला आहे आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबात तो आहे. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ साली तो वेगळा ओळखला आणि त्याला 'पेटणारी हवा' म्हटले. फ्रान्सच्या लॅव्हाझिएने त्याला १७८३ साली हायड्रोजन हे नाव दिले. त्याचा अर्थ पाणी निर्माण करणारा. त्याच वर्षी १ डिसेंबरला जाक शार्ल याने पॅरिसमध्ये हायड्रोजन भरलेल्या फुग्यातून आकाशात झेप घेतली. उरुसातल्या आमच्या फुग्याचा तो मूळपुरुष. आणि ६ मे १९३७ रोजी हिंडेनबुर्ग हे अजस्र जर्मन हवाई जहाज अमेरिकेत उतरता उतरता पेटले आणि ३६ माणसे गेली, तेव्हा हायड्रोजन हा शब्द जगभर भीतीने उच्चारला जाऊ लागला.

हा वायू इतका फसवा का? त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हायड्रोजनच्या बाबतीत हा उपाय सगळीकडे चालत नाही, कारण असली गंधकयुक्त द्रव्ये इंधनघट खराब करतात. शिवाय हायड्रोजन इतका हलका आणि त्याचा रेणू इतका लहान की तो जिथून निसटतो तिथून वास देणारे द्रव्य त्याच्या वेगाने निसटेलच असे नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो पेट घेऊ शकतो. पेटायला ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते. कोरड्या हवेत स्वेटर काढताना अंगावर जी चटचट होते, तेवढीसुद्धा. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे शुद्ध हायड्रोजनची ज्वाळा दिवसा उजेडी जवळजवळ दिसत नाही. तिची धगही इतर आगीसारखी दुरून लागत नाही. माणूस सरळ आगीत चालत जाऊ शकतो.

अमेरिकेच्या अवकाश संस्थेत, नासात, पूर्वी यावर एक उपाय होता. तो ऐकला की हसू येते आणि मग हसू थांबते. रॉकेटसाठी द्रवरूप हायड्रोजन साठवलेल्या ठिकाणी आग लागल्याची शंका आली की कर्मचारी हातात लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालत. केरसुणीचे टोक पेटले की समजायचे, ज्वाळा इथे आहे. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला न दिसणारी आग शोधायला केरसुणी लागत होती.

आता थोडे मागे जाऊ. १८१५ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोळशाच्या खाणींत साठणाऱ्या मिथेन वायूने इंग्लंडमध्ये स्फोट होत आणि शेकडो कामगार मरत. त्या वर्षी हंफ्री डेव्ही याने जाळीचा सुरक्षा कंदील तयार केला. ज्योतीभोवती तारेची जाळी असल्याने बाहेरचा वायू पेटत नसे आणि ज्योतीचा आकार नि रंग बदलला की खाणकामगाराला वायूची चाहूल लागे. पुढे विषारी वायूसाठी कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे खाणीत नेऊ लागले. पक्षी मान टाकी आणि माणूस वाचे. ब्रिटनमधून ही प्रथा १९८६ सालापासून बंद होत गेली.

त्याच १८१५ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने टंगस्टन ऑक्साइडची पिवळसर भुकटी कोरड्या हायड्रोजनच्या झोतात तापवली आणि तिचा रंग बदलताना पाहिला. डेव्हीच्या कंदिलाचा जगभर गाजावाजा झाला. बर्झेलियसचे निरीक्षण ग्रंथात पडून राहिले. रंग बदलला खरा, पण त्यासाठी भुकटी तापवावी लागत होती. हायड्रोजन असलेल्या जागी भट्टी पेटवून गळती शोधणे म्हणजे अब्बांच्या शब्दांत परत येऊन सांगायला न राहणे.

म्हणजे प्रश्न असा होता की, न तापवता, घरातल्या साध्या हवेत हा रंगबदल घडेल काय? त्याचे उत्तर हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी मिळाले आणि प्रत्येक तुकडा शोधणाऱ्याच्या मनात काहीतरी वेगळेच होते.

पहिला तुकडा १८२३ सालचा. जर्मनीतील डोबेरायनर याला आढळले की प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला की तो हवेतल्या ऑक्सिजनशी आपोआप संयोग पावतो. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही, फक्त दोघांची गाठ घालून देते. यालाच आपण उत्प्रेरक म्हणतो. त्याने यावरून दिवा पेटवण्याचे एक यंत्रच केले आणि काडेपेटी येण्याआधी ते घरोघरी विकले गेले.

दुसरा तुकडा १८६६ सालचा. टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञाने पाहिले की प्लॅटिनमचा भाऊबंद असलेला पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. कापसाने पाणी शोषावे तसा. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूतील दोन अणूंची जोडी फुटते आणि सुटे अणू धातूच्या आत शिरतात.

पुढे १९३० साली कोबोझेव्ह आणि नेक्रासोव्ह यांनी टंगस्टन ऑक्साइडची भुकटी आम्लात विजेच्या साहाय्याने निळी करून दाखवली. म्हणजे भट्टीची गरज नव्हती, फक्त हायड्रोजन सुट्या अणूंच्या रूपात मिळायला हवा होता. आणि १९६४ साली खुबियार या संशोधकाने प्लॅटिनम असलेली भुकटी आणि टंगस्टन ऑक्साइडची भुकटी नुसती एकत्र मिसळली आणि तिला साध्या तापमानाला हायड्रोजन दाखवला. भुकटी निळी झाली. प्लॅटिनमवर फुटलेले अणू शेजारच्या कणावर सांडत गेले होते. इंग्रजीत या घटनेला सांडणे अशाच अर्थाचा शब्द आहे. मला तो फार आवडतो. पाणी काठोकाठ भरले की शेजारच्या भांड्यात सांडते, तसे.

आता तुकडे जुळतात. काचेवर किंवा प्लास्टिकवर टंगस्टन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर द्यायचा. किती पातळ? काही शे नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या-दोनशेव्या हिश्श्याएवढा. त्यावर पॅलेडियमचा त्याहूनही पातळ, काही थोड्या नॅनोमीटरचा थर. हवेत हायड्रोजन आला की पॅलेडियम त्याची जोडी फोडतो, सुटे अणू खाली ऑक्साइडमध्ये उतरतात आणि तिथल्या टंगस्टनच्या अणूंना आपले इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे तो थर तांबडा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला निळा दिसतो. हायड्रोजन निघून गेला की हवेतला ऑक्सिजन त्या अणूंना परत ओढून घेतो, त्यांचे पाणी होते आणि निळा रंग उतरतो. वीज नाही, तार नाही, घंटा नाही. काचेचा तुकडा निळा झाला की वायू आला आणि उतरला की गेला.

पातळ थराचे महत्त्वही यातच आहे. भुकटीच्या ढिगात वायूला आत शिरायला वेळ लागतो. थर पातळ असला की रंग काही सेकंदांत किंवा मिनिटांत चढतो. शिवाय इतक्या कमी पॅलेडियममध्ये काम भागते की महाग धातू असूनही खिसा फाटत नाही.

टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरांचा नवा काळ सुरू झाला तो १९६९ साली. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ सत्येन देब यांनी अमेरिकेत काम करताना या थरांचा रंग विजेने बदलता येतो हे दाखवले. १९६९ हे साल आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना दुसऱ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तेव्हा काही संबंध नव्हता. पुढे कसा आला ते सांगतो.

देबांच्या कामानंतर जगभर आणि आपल्याकडेही या थरांवर प्रयोग सुरू झाले. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या अभ्यासासाठी नावाजला. प्रा. प्रमोद पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टंगस्टन ऑक्साइडचे रंग बदलणारे थर फवारणीच्या पद्धतीने बनवले. तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. पाणी उडून जाते आणि थर राहतो. उसाच्या आणि कुस्तीच्या गावात काच निळी करणारी माणसे बसली होती हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचा भर विजेने रंग बदलण्यावर आणि इतर उपयोगांवर होता, पण कमी खर्चात मोठ्या काचेवर सारखा थर कसा द्यायचा, ही विद्या दोन्हीकडे एकच.

१९९६ साली ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात ग्रीसन आणि त्यांचे सहकारी भलतेच काही शोधत होते. हायड्रोजन शोषलेला यिट्रियम धातू विजेला अजिबात अडवणार नाही, अशी त्यांना आशा होती. त्यांनी यिट्रियमच्या आरशासारख्या चकचकीत थरावर पॅलेडियम चढवले आणि हायड्रोजन सोडला. पाहता पाहता आरसा पारदर्शक झाला आणि त्यातून पलीकडचे दिसू लागले. जे शोधत होते ते मिळाले नाही, पण हायड्रोजन सांगणारा आरसा मिळाला. त्याच दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत काचेच्या प्रकाशतंतूच्या टोकावर असे थर देऊन पाहण्यात आले. टोक धोक्याच्या जागी आणि पाहणारा दूर, अशी ती योजना. तिथे ठिणगी पडायला विजेची तारच नाही.

आणि केरसुणीचे काय झाले? १९९० च्या उन्हाळ्यात हायड्रोजनच्या गळतीने नासाला इतके छळले की कोलंबिया आणि अटलांटिस ही दोन्ही अवकाशयाने महिनोन्‌महिने जमिनीवर अडकून पडली. कोलंबियाचे मेमध्ये ठरलेले उड्डाण डिसेंबरात झाले. पुढे नासा आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी नळ्यांच्या जोडांवर गुंडाळायची एक पट्टी तयार केली. फिक्या रंगाची ही पट्टी हायड्रोजन लागला की काळवंडते. हिच्यात पॅलेडियमचे ऑक्साइड वापरले गेले. तिचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार वायू गेल्यावर पुन्हा पूर्ववत होतो, तो पहारेकरी. दुसरा एकदा काळा झाला की काळाच राहतो, तो साक्षीदार. रात्री कोणी नसताना गळती होऊन गेली तरी सकाळी येणाऱ्याला तो सांगतो, इथे काहीतरी घडले होते. तरीही गळतीचा प्रश्न मिटला असे नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये चंद्राकडे निघालेल्या आर्टेमिसचे उड्डाण हायड्रोजनच्याच गळतीने थांबवावे लागले आणि ते नोव्हेंबरात झाले. कळणे वेगळे आणि थांबणे वेगळे.

आता तारापूर. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्या थंड करणारे पंप बंद पडले. अणुइंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत असते. ते अतोनात तापले की हा धातू वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो. १२ मार्चला पहिल्या भट्टीच्या इमारतीचे छप्पर उडाले, १४ ला तिसऱ्या, १५ ला चौथ्या. दूरचित्रवाणीवर आपण जे स्फोट पाहिले ते अणुबाँबसारखे नव्हते, हायड्रोजनचे होते. उरुसातल्या फुग्याचेच, फक्त फुगा इमारतीएवढा.

ते चित्र पाहताना आमच्या किनाऱ्यावरची माणसे गप्प झाली होती. फुकुशिमाच्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या होत्या आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच घराण्यातल्या, त्याच अमेरिकी कंपनीच्या. रचना अगदी तीच नव्हे, पण नाते होते. या दोन भट्ट्या २०२० साली नूतनीकरणासाठी थांबवण्यात आल्या. शेजारच्या तिसऱ्या आणि चौथ्या, ५४० मेगावॉटच्या भट्ट्या स्वदेशी, वेगळ्या पद्धतीच्या. त्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ती कहाणी वेगळी आहे आणि ती सांगायला तिथलेच लोक हवेत.

फुकुशिमानंतर जगभर एका साध्या यंत्राकडे लक्ष गेले. पोलादी तारेच्या जाळीवर प्लॅटिनम आणि पॅलेडियम चढवायचे आणि ती जाळी भट्टीच्या इमारतीत टांगून ठेवायची. हायड्रोजन जमू लागला की जाळीवर त्याचा ऑक्सिजनशी सावकाश संयोग होतो आणि स्फोटाऐवजी पाण्याची वाफ तयार होते. वीज लागत नाही, बटण दाबावे लागत नाही. डोबेरायनरचा १८२३ चा दिवाच हा, उलटा फिरवलेला. त्याने आग लावण्यासाठी जे वापरले ते इथे आग टाळण्यासाठी वापरले. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रे देशात विकसित केली आणि ती तपासण्यासाठी अणुऊर्जा महामंडळाने खास चाचणी केंद्र उभारले ते तारापूरलाच. न दिसणाऱ्या वायूचा हिशेब आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर मांडला जात होता आणि आम्ही त्या दिशेने जाणाऱ्या बसमध्ये बसून मासळीच्या भावाबद्दल बोलत होतो.

म्हणजे एकच पॅलेडियम दोन कामे करतो. जाळीवर तो वायू संपवतो आणि काचेवर वायू आल्याचे सांगतो. दोन्हीची गरज आहे. पण पहिले काम मोठ्या संस्थांचे आहे. दुसरे तुमच्याआमच्या हाताशी येऊ शकते आणि म्हणून मला ते अधिक जवळचे वाटते.

कारण हायड्रोजन फक्त अणुभट्टीत नसतो. तेलापासून वनस्पती तूप करताना तो लागतो. औषधे आणि रंग यांची कच्ची रसायने बनवताना लागतो. मोठी विद्युत जनित्रे थंड ठेवायला वापरतात. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत औषधांची आणि रसायनांची आहे. तिथल्या स्फोटांच्या आणि गळतीच्या बातम्या पालघरकरांना नव्या नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका औषध कारखान्यात वायुगळती झाली आणि चार कामगार गेले. तो वायू नायट्रोजन असल्याचे बातम्यांत होते. नायट्रोजन पेटत नाही, विषारीही नाही. तो नुसता प्राणवायूची जागा घेतो. पण तोही दिसत नाही आणि त्यालाही वास नाही. न दिसणारे सगळेच वायू माणसाला सारख्याच बेसावधपणे गाठतात.

उरुसात भाजलेला माझा भाई पुढे फिटर झाला. कंत्राटदारामार्फत आज या कारखान्यात, उद्या त्या. हायड्रोजनच्या नळ्यांचे जोड तपासायची त्याची पद्धत साधी होती. साबणाचे पाणी आणि ब्रश. फेस आला की गळती. पद्धत चांगली आहे, अजूनही वापरतात. पण फेस तुम्ही लावाल तेव्हाच सांगतो. जोड तासाभराने गळायला लागला तर फेस तिथे नसतो. एकदा दुपारच्या पाळीत तो एका जोडापाशी पोचला तेव्हा तो आधीच पेटलेला होता. उन्हात ज्वाळा दिसली नाही. शर्टाची बाही पेटली तेव्हा कळले. नासाकडे केरसुणी होती. भाईकडे स्वतःचा हात होता.

त्याला मी ही निळ्या काचेची हकिगत सांगितली. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, हे एवढं सोपं आहे तर आमच्या जोडावर का नाही लावत?"

मी कवी माणूस, पदवी बी. ए. ची. जे वाचून समजले तेवढे त्याला सांगितले. सांगितले की पॅलेडियमला गंधकाची संयुगे आणि कार्बन मोनॉक्साइड यांची बाधा होते. हवेत दमटपणा असला की काही थर मंदावतात. म्हणजे कोरड्या प्रयोगशाळेत सेकंदात निळी होणारी काच आपल्या खाडीच्या पावसाळ्यात, रसायनांच्या हवेत तशीच वागेल हे आधी तपासायला हवे. त्यासाठी थरावर वायू निवडून आत सोडणारे आणखी एक पातळ कवच द्यायचे प्रयत्न झाले आहेत. सांगितले की अंधारात रंग दिसत नाही, म्हणून दिवा हवा. आणि ही पट्टी विजेवर चालणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या यंत्राची जागा घेऊ शकत नाही. ती त्याच्या जोडीला हवी. यंत्र खोलीतली हवा मोजते, पट्टी नेमका जोड दाखवते.

हे सगळे ऐकून भाई म्हणाला, "आणि निळी झाली तर? काम थांबवायचं कोणी?"

या प्रश्नावर माझ्याकडे रसायनशास्त्राचे उत्तर नव्हते. दोनशे वर्षांच्या या इतिहासात रंग कसा आणायचा ते माणसाने शोधले. पण रंग पाहिल्यावर जो पाना खाली ठेवू शकतो, 'मी पुढे जाणार नाही' म्हणू शकतो आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीही कामावर येऊ शकतो, त्याच्यासाठीच त्या रंगाला अर्थ आहे. नियंत्रण कक्षातला काटा साहेबांशी बोलतो. जोडावरची पट्टी जोडाजवळच्या माणसाशी बोलते. तिला वाचायला इंग्रजी लागत नाही, मराठीही लागत नाही. बिहारहून कालच आलेल्या मुलाला आणि मुरब्याहून तीस वर्षे जाणाऱ्या फिटरला ती एकच गोष्ट एकाच वेळी सांगते. इतकी समानता मी फार थोड्या गोष्टींत पाहिली आहे. म्हणूनच कदाचित ती लावायला कोणी घाई करत नसेल, असा वाईट विचारही मनात येतो. तो खोटा ठरावा.

हा प्रश्न आता लहान राहणार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याचे त्यात लक्ष्य आहे आणि १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले. सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून मिळालेला हा वायू धूर करत नाही. जळला की पाणीच होते. चांगली गोष्ट आहे. पण तो नळ्यांतून, टाक्यांतून, ट्रकमधून, कदाचित बंदरांतून जाणार. म्हणजे जोड वाढणार आणि जोडांवर हात ठेवणारी माणसेही वाढणार. जो देश ५० लाख टनांचा हिशेब करतो त्याने चार बोटे रुंद पट्टीचाही करावा.

मागच्या पावसाळ्यानंतर मी मुरब्याला गेलो होतो. अब्बा आता नाहीत. खाडी तशीच आहे. तिच्या काठी आता बंदराच्या प्रस्तावाची चर्चा असते आणि मच्छीमारांचा विरोध असतो. भाई निवृत्त होऊन घरी असतो. त्याचा नातू फुगा मागत होता. हल्लीच्या चांगल्या फुगेवाल्यांकडे हेलियम असतो, तो पेटत नाही. तरी भाईने फुगेवाल्याला दोनदा विचारले, "यात काय भरलंय?" फुगेवाला म्हणाला, "चाचा, हवाच आहे." भाईने डाव्या कानामागची खूण चाचपली आणि फुगा घेतला नाही. पोर रडू लागले.

त्याला कोणीतरी दाखवायला हवे होते, आत काय आहे ते.